जे हलत नाही त्याला तार

ओमतीत घंटाघराकडून आतल्या गल्लीत वळलं की आकाश तारांमधून बघावं लागतं. सगळ्यांत वर विजेच्या तारा. त्यांच्या खाली केबल टीव्हीची काळी जाड वायर, खांबाखांबाला वेटोळी करून अडकवलेली. मध्येच टेलिफोनची एखादी जुनी जोडतार, जिच्या दोन्ही टोकांना आता काहीच उरलेलं नाही. काढायला कुणी येत नाही, म्हणून ती आहे. आणि या सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून पुढे गेलेली फायबरची बारीक वायर. तिच्या पोटातली काच मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी जाड असते. गल्लीतले क्रिकेटचे सामने, मुलांचे क्लास, बेंगळुरूला गेलेल्या लेकींचे व्हिडिओ कॉल, सगळं त्या काचेतून ये-जा करतं.

या गल्लीतल्या प्रत्येक घराची इंटरनेटवाल्याकडे मागणी मात्र एकच असते : घरात वायर दिसता कामा नये. "भैया, वायफाय लगा दो, तार मत खींचना." वायर म्हणजे केर काढताना झाडूत अडकणारी, रंगकाम करताना नडणारी, जुन्या जमान्यातली वस्तू. बिनतारी म्हणजे पुढारलेलं. मला या समजाची गंमत वाटते, कारण बिनतारी असतात ती फक्त शेवटची दहा-वीस पावलं. त्याआधीचा मुंबईपर्यंतचा आणि तिथून समुद्राच्या तळाने परदेशापर्यंतचा बहुतेक सगळा रस्ता तारेचाच आहे. त्या शेवटच्या दहा-वीस पावलांचं सुखही घरात तार किती शहाणपणाने ओढली आहे यावरच ठरतं. आमच्या घरात हे शहाणपण आलं ते काकांकडून, आणि काकांना वायफाय या प्रकाराबद्दल फारसं प्रेम नाही.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जबलपुरात टेलिफोन खात्याचा माणूस घरात असणं यात नवल काही नाही. रिज रोडवरची टेलिकॉम प्रशिक्षण संस्था १९४२ सालची. देशभरातले इंजिनिअर पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकून गेले. आज तिला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. राइट टाउनमधली टेलिकॉम फॅक्टरीही महायुद्धाच्याच काळातली. आणि इथे मराठी घरं कशी, हे पुण्याकडच्या पाहुण्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. १८१७ सालापर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे जबलपूरचं सगळं सरकारी येणं-जाणं नागपूरशी. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली, उच्च न्यायालय जबलपुरात आलं, आणि नागपूरकडची काही मराठी घरंही इकडे आली. गोलबाजारातलं दत्तमंदिर, महाराष्ट्र शाळा आणि आमच्या बोलण्यात अधूनमधून डोकावणारी हिंदी, हे सगळं त्या येण्या-जाण्यातलं.

राउटर म्हणजे काय, हे काकांनी माझ्या मुलीला रेल्वेवरून समजावलं. जबलपूर स्टेशनावर १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे पोचली, आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येऊन तिला भिडली. मुंबई आणि कोलकाता रुळांनी जोडली गेली ती इथे. पुढे गोंदियाकडून छोटी लाइन आली. तिचा रूळ अरुंद, त्यामुळे त्या गाडीतल्या माणसाला पुढे मुंबईला जायचं असेल तर ट्रंक-वळकटी घेऊन जबलपुरात उतरणं भागच. २०१५ सालापर्यंत हे उतरणं-चढणं चालू होतं. "राउटर म्हणजे तेच स्टेशन," काका म्हणाले. बाहेरून काचेतून प्रकाश येतो. घरात दोन लाइनी : एक तांब्याची, एक हवेची. तिघींचे रूळ वेगळे. माल तोच, पण प्रत्येक वेळी तो उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो, आणि कुठला डाग कुठल्या फलाटावर जायचा हे सांगणारा कारकून त्या पांढऱ्या डबीत बसलेला असतो. मुलीने विचारलं, "मग कारकुनाला झोप कधी?" काका म्हणाले, "म्हणूनच महिन्यातून एकदा त्याचं बटण बंद करून चालू करायचं."

आता या स्टेशनाची जागा कुणी ठरवली? आमच्याकडे ती ड्रिलने ठरवली. वायर लावायला आलेल्या मुलाने खांबावरून फायबर ओढली, पुढच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीत भोक पाडलं, आणि भोकापासून हातभर अंतरावर, जिथे विजेचा प्लग होता तिथे, डबी ठोकली. मग तिच्यासमोर उभं राहून त्याने आपल्या मोबाइलवर वेग मोजून दाखवला. "अंकल, फुल रेंज है." रेंज होतीच. ज्याला दिव्याखाली उभं राहून प्रकाश मोजायचा आहे, त्याला अंधार सापडणार कसा?

बहुतेक घरांत राउटर असाच बसतो, म्हणजे जिथून वायर आत शिरते तिथे. वायर शिरते रस्त्याच्या बाजूने, आणि माणसं राहतात ती आत. आमचं घर ओमतीतल्या जुन्या घरांसारखं लांबुळकं आहे : पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, मग छोटं अंगण आणि अंगणापलीकडे नंतर बांधलेली खोली, जिथे मी काम करतो. वर भाडेकरूची खोली. पुढच्या खोलीत सहसा कुणी नसतं, तिथे सोफा असतो. थोडक्यात, घरातली सगळ्यांत उत्तम रेंज सोफ्याला.

हवेतल्या लहरींचं वागणं एकदा समजून घेतलं की घराकडे बघायची नजर बदलते. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती हळू, पण भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर पाच-सहा सेंटिमीटरची. ती वेगवान, पण दोन भिंतींत दमते. विटेची भिंत दोघींनाही थोडी थोडी खाते. पाणी अधिक खातं. धातू तर पुढे जाऊच देत नाही. हे नियम पुस्तकात एका पानात मावतात. घरात मात्र त्यांना वस्तूंची नावं येतात. काकूंचं लोखंडी कपाट. स्टीलच्या डब्यांची फळी. एप्रिल ते जून माजघराच्या खिडकीत बसणारा कूलर, म्हणजे पत्र्याची पेटी आणि तिच्यात टाकीभर पाणी, दोन्ही शत्रू एकाच अंगात. "उन्हाळ्यात नेट मंद होतं" ही ओमतीत सर्रास ऐकू येणारी तक्रार मी आधी थट्टेवारी नेत असे. तिच्यात बरंच तथ्य आहे, फक्त दोष उन्हाचा नसतो.

लहर भिंतीपलीकडे जाते याचं नवल आपल्याकडे फार जुनं आहे. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात लोकांसमोर बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि बारूद उडवून दाखवली होती. त्यांच्या लहरी मिलिमीटरांच्या होत्या, आपल्या वायफायपेक्षा कितीतरी आखूड. सव्वाशे वर्षांनी आपण त्याच कोड्यासमोर उभे आहोत, फरक इतकाच की घंटा वाजली नाही तर आपण कस्टमर केअरला फोन लावतो.

पण आमच्या माजघरात जे घडत होतं, ते कपाटाने किंवा कूलरने सुटत नव्हतं. पुढच्या खोलीत पाचही काड्या. माजघराच्या दारात उभं राहिलं तर चार. दार सोडून दोन हात बाजूला, भिंतीच्या आडोशाला गेलं की एक, तीही येऊन-जाऊन. वीट एवढी खात नाही. काका मोबाइल हातात धरून त्या भिंतीला समांतर हळूहळू चालले, परत आले, आणि म्हणाले, "दारातून येतंय ते फक्त. भिंतीतून काहीच येत नाहीये."

उत्तर ड्रिलने दिलं. तार ओढायचीच असं ठरल्यावर भिंतीला वरच्या कोपऱ्यात भोक पाडायला घेतलं. प्लास्टरचा भुगा सरळ पडत होता, आणि अचानक बिट किंचाळलं, बारीक ठिणगी उडाली. काकांनी हात वर केला. "थांब. जाळी आहे." मग तेच म्हणाले, "भूकंपाची."

२२ मे १९९७. पहाटे सव्वाचारचा सुमार. जबलपूरला ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. शहरात आणि आसपासच्या गावांत चाळिसेक माणसं दगावली, हजारो घरांना तडे गेले. उन्हाळा असल्याने बरेच लोक गच्चीवर किंवा अंगणात झोपलेले होते, तेवढंच नशीब. आमच्या माजघराच्या भिंतीला दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत तिरपी चीर पडली होती. पाडून नवी बांधण्याइतके पैसे नव्हते. मिस्त्रीने जुनं चुन्याचं प्लास्टर खरवडलं, चिरेत सिमेंट भरलं, भिंतीला दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी खिळ्यांनी ठोकली आणि वरून सिमेंटचा जाड थर दिला. जुनी भिंत बांधून ठेवायची ही रीतसर पद्धत आहे, आणि ती भिंत आजवर हललेली नाही.

फक्त, त्या जाळीची भोकं बोट जेमतेम जाईल एवढी. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीला अशा भोकांची जाळी अखंड पत्र्यासारखीच लागते. मायक्रोवेव्हच्या दाराच्या काचेत जी बारीक जाळी असते, ती हेच काम करते : उजेड बाहेर सोडते, लहर आत अडवते. तीही लहर साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झचीच असते. म्हणजे मिस्त्रीने त्या उन्हाळ्यात घर सावरताना, नकळत, घराचे दोन भाग करून ठेवले होते. तेव्हा देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू होऊन दोनही वर्षं झाली नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला ते आलं, तेही चार महानगरांत. आमच्या माजघरात तेव्हा कुठलीही लहर अडायला येणार नव्हती. भिंत पडू नये एवढीच सगळ्यांची इच्छा होती.

असल्या भिंतीपुढे लोक जे करतात ते म्हणजे "बूस्टर" आणणं. प्लगमध्ये खोचायची डबी, जी अर्धवट ऐकलेलं पुन्हा मोठ्याने सांगते. स्वस्तातल्या डब्या ऐकणं आणि सांगणं एकाच पट्टीवर करतात, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. आणि ती डबी जाळीच्या अलीकडे लावली तर पलीकडे पोचत नाही, पलीकडे लावली तर तिला स्वतःलाच ऐकू येत नाही. काकांचा उपाय त्यांच्या खात्याला शोभणारा होता : भिंतीतून लहर जात नसेल तर तार जाऊ दे, आणि पलीकडे गेल्यावर तिथे दुसरा राउटर बोलू दे. जाळीच्या तारा दोन बोटं बाजूला वाकवून भोक पूर्ण केलं, प्लास्टिकची नळी घातली, आणि आम्ही मढ़ातालच्या जयंती कॉम्प्लेक्समधून कॅट सिक्सची वायर, कनेक्टर आणि क्रिम्पिंगची पक्कड घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, "बड्डे, बनी-बनाई ले जाओ, काहे झंझट." काकांनी त्याच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर त्याने मुकाट्याने कनेक्टर मोजून दिले.

वायरीचं टोक त्यांनी सोललं तेव्हा मी जवळ बसून बघितलं, आणि ते दोन मिनिटांचं काम मला अजून लख्ख आठवतं. निळ्या सालीखाली आठ तारा, चार जोड्या : निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी. प्रत्येक रंगाबरोबर त्याचीच पांढरी जोडीदार. "हे तर आमचेच रंग," काका म्हणाले. टेलिफोनच्या जाड केबलमध्ये शेकडो जोड्या असत, त्या रंगांच्या ठरलेल्या क्रमाने ओळखायच्या : निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, स्लेटी. पाण्याने भरलेल्या मॅनहोलशेजारी कंदिलाच्या उजेडात जोड मारायचे, तेव्हा हा क्रम चुकला तर एका घराचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजायचा. स्लेटी सोडला तर बाकीचे चारही रंग त्याच क्रमाचे, इथे घरातल्या वायरीत येऊन बसलेले.

प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते, आणि नीट पाहिलं तर चारही जोड्यांचे पीळ सारखे नसतात. एकीचा घट्ट, दुसरीचा सैल. पीळ देण्याचा शोध ग्रॅहॅम बेलचा, १८८१ चा. बाहेरून येणारा खरखराट दोन्ही तारांना सारखा भिडतो आणि टोकाला वजा होऊन जातो. म्हणून टोकाशी पीळ उलगडायचा तो अगदी गरजेपुरता, सव्वा सेंटिमीटरच्या आत. काकांनी तारा अंगठ्याखाली सरळ केल्या आणि क्रमाने मांडल्या : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

मी विचारलं, "काका, हिरव्याची जोडी अशी तुटक का? मध्ये निळा घुसलाय."

"घुसला नाहीये. ती त्याचीच जागा आहे," ते म्हणाले. "टेलिफोनच्या पिनेत लाइन मधल्या दोन जागांवर असते. हा सॉकेट आखणाऱ्यांनी मधल्या दोन जागा फोनसाठी सोडल्या, आणि हिरव्याला सांगितलं, तू बाजूने जा."

हे खरं आहे. १०० मेगाबिटच्या जुन्या जोडणीत फक्त नारंगी आणि हिरव्या जोड्या काम करतात. निळी तिथे नुसती बसून असते, कधी कुणी फोन जोडेल म्हणून जागा धरून. गिगाबिट आलं तेव्हा चारही जोड्यांना काम मिळालं. म्हणूनच निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली, उंदराने कुरतडली, तर जोडणी बंद पडत नाही, गपचूप शंभरावर येऊन बसते. नेट चालू असतं, आणि आपण कंपनीला शिव्या देत राहतो. आठ दिव्यांचा टेस्टर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. ओळीने आठही दिवे लागले की भांडण मिटलं.

तार अंगणाच्या कडेने नेताना काकांची एकच आज्ञा होती : विजेच्या वायरीला समांतर नको, ओलांडायची तर काटकोनात. मागच्या खोलीत जुना, कपाटात पडून असलेला राउटर बसवला. त्याला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही, हे महत्त्वाचं. एका घरात दोन कारकून पत्ते वाटायला लागले की गोंधळ ठरलेला. त्याचं पत्ते वाटायचं काम बंद करायचं, त्याला १९२.१६८.१.२ असा एक नंबर नेमून द्यायचा, तार त्याच्या साध्या पोर्टात लावायची, इंटरनेट लिहिलेल्या पोर्टात नाही. नाव आणि पासवर्ड पुढच्या राउटरसारखाच ठेवायचा, म्हणजे फोन घेऊन माणूस माजघरातून अंगणात गेला की फोन आपला आपण जवळचा आवाज धरतो. जुने राउटर भंगारात देणाऱ्या गल्लीने हे लक्षात घ्यावं.

राउटरच्या आतल्या पानावर जाणं हा बहुतेक घरांत न होणारा विधी आहे. डबीच्या पाठीवर लिहिलेला पत्ता, १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये टाकायचा. १९९६ साली ठरलं की १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कुणाच्याच मालकीचे नाहीत. ते घरात वापरावेत, बाहेर नेऊ नयेत. चार भागांच्या या पत्त्यांची एकूण संख्या सव्वाचार अब्जांच्या आसपास, आणि जगाला ते कधीच पुरणार नव्हते. आज आमच्या टीव्हीचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर समोरच्या मिठाईवाल्याच्या टीव्हीचाही तोच असू शकतो, आणि कुणाचं काही अडत नाही. बाहेरच्या जगाला घराघरातली माणसं दिसतच नाहीत. आमचं अख्खं घर, फोन, टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांचं मिळून एकच तोंड बाहेर दिसतं. कधी कधी गल्लीभराचंही एकच असतं, कारण कंपनीही तसंच करते. त्याच पानावर पहिली कामं करायची : राउटरचा मूळ पासवर्ड बदलायचा, बटण दाबून जोडणारी सोय बंद करायची, आणि सुरक्षेत निदान डब्ल्यूपीए-टू निवडायचं. पासवर्ड म्हणून मुलाचा वाढदिवस टाकणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दाराच्या कडीला अडकवणं, असं मी म्हणणार होतो, पण काकूंनी आधीच टाकला होता.

तिथेच आजूबाजूची नेटवर्कं दिसतात. आमच्या खोलीत बसून मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. कंपनीने दिलेली आकड्यांची नावं, दुकानांची नावं, एकाचं तर सरळ "पासवर्ड मत मांगना". २.४ च्या पट्टीत तेरा चॅनेल असले तरी एकमेकांवर न सांडणारे तीनच : एक, सहा आणि अकरा. आपल्या देशात ही पट्टी २००५ साली परवान्याशिवाय वापरायला मोकळी झाली, त्यामुळे तिच्यावर कुणाचाच हक्क नाही आणि सगळ्यांचाच आहे. आमच्या भिंतीला भिंत असलेली तीन घरं सहावर होती. मी शेजाऱ्यांना विचारून एक घर एकवर नेलं, स्वतः अकरावर गेलो, आणि टीव्ही-लॅपटॉप पाचच्या पट्टीवर टाकले. नाल्याच्या पाण्यावरून, पार्किंगवरून, लग्नाच्या मांडवावरून या गल्लीत भांडणं झालेली मी पाहिली आहेत. हवेची वाटणी मात्र चहाच्या कपावर, दहा मिनिटांत झाली. कदाचित ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे.

पासवर्ड कुणाला द्यायचा हा प्रश्न तांत्रिक नाही, आणि तो काकूंनी आपल्याकडे घेतला. त्यांना सराव आहे. आमच्याकडे फोन आला तेव्हा गल्लीत तो एकटाच होता. लोकांच्या पत्रांवर, लग्नपत्रिकांवर, दुकानाच्या कार्डांवर आमचा नंबर असे आणि पुढे लिहिलेलं असे : पी.पी. दुपारी झोपेच्या वेळी फोन वाजायचा, काकू खिडकीतून हाक मारायच्या, आणि शेजारची सून पदराला हात पुसत पळत यायची. कुणाचा फोन किती वेळ चालला, कुणाला बाहेरगावची बातमी आली, हे काकूंना कळायचं. त्या कुणाला सांगायच्या नाहीत. आता वरच्या खोलीतला शहडोलचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला आम्ही पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क दिलं आहे. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातल्या प्रिंटरपर्यंत किंवा माझ्या लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही. काकूंना ही सोय फार आवडली. "फोन असताना हे असतं तर," त्या म्हणाल्या, "माझ्या बऱ्याच दुपारी वाचल्या असत्या."

नेटवर्क उघडं ठेवण्याचा उदारपणा परवडत नाही, याचा धडा महाराष्ट्राने घेतलेला आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, आणि माग काढत तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात पोचला. तिथल्या उघड्या वायफायचा कुणीतरी बाहेरून वापर केला होता. राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. बाहेरच्या जगाला घराचं एकच तोंड दिसतं, म्हणजे त्या तोंडून जे बोललं जाईल त्याचा जाबही आधी घरालाच विचारला जातो. फोनच्या काळी काकू खोलीत बसून असायच्या. राउटरजवळ कुणीच बसलेलं नसतं, म्हणून पासवर्ड लागतो.

या सगळ्या खटाटोपातून काकांनी काढलेला नियम एका ओळीचा आहे : जे हलत नाही त्याला तार, जे हलतं त्याला हवा. टीव्ही भिंतीवर असतो, त्याला तार द्या. टेबलावरचा कम्प्यूटर, प्रिंटर, दाराचा कॅमेरा, सगळे तारेवर. मग हवेत गर्दी कमी होते, आणि जी माणसं फोन घेऊन घरभर फिरतात त्यांच्या वाट्याला मोकळी हवा येते. म्हणजे तार ही वायफायची सवत नाही. ती जितकं ओझं उचलेल तितकं वायफाय हलकं चालतं. आमच्या गल्लीने "वायर नको" म्हणताना नेमकं हेच उलटं धरलं आहे. वायर लपवायला काही हरकत नाही, टाळायला आहे.

मला या नियमाहून त्यांची शेवटची गोष्ट जास्त पटली. नळीतून एक तार नेली होती. काकांनी तिच्या बरोबर दुसरीही ओढायला लावली, दोन्ही टोकांना न जोडलेली, नुसती गुंडाळून ठेवलेली. मी म्हटलं, "काका, कशाला? एक पुरते आहे." ते म्हणाले, "पुढे काय येईल ते तुला माहीत आहे का? मिस्त्रीला माहीत होतं?" मग त्यांनी दोन्ही तारांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर घातले, आणि वहीचा कागद घेऊन घराचा नकाशा काढायला बसले. घर कुणीतरी दुरुस्त करतं आणि निघून जातं. भिंतीत काय घातलं हे सांगायला मागे कुणी उरत नाही. आम्ही माजघराच्या भिंतीशी जेवढा वेळ घालवला, तो सगळा एका न लिहिलेल्या ओळीचा दंड होता.

तो कागद आता वीजबिलांच्या फाइलमध्ये आहे. माजघराच्या भिंतीत दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी, १९९७. भोक वरच्या डाव्या कोपऱ्यात, नळीत दोन तारा, दुसरी रिकामी. अंगणाच्या कडेला विजेची वायर वर, नेटची खाली. मागचा राउटर १९२.१६८.१.२, पत्ते वाटणं बंद ठेवावं. चॅनेल अकरा, शेजारी एक, शेजाऱ्यांना न विचारता बदलू नये. आणि सगळ्यांत खाली, काकांच्या टेलिफोन खात्यातल्या सरळ उभ्या अक्षरात : पासवर्ड इथे लिहिलेला नाही. तो काकूंना विचारावा, आणि कशाला हवा ते सांगावं.